कोरलचा पेपर

कोरल डॉबी परीक्षेत पास होण्यासारखी नव्हती, असं मी म्हटलं तर आमच्या बर्नी गावातले सगळे बहिरे माझ्या अंगावर धावून येतील. येऊ देत. तिच्या खुणा म्हणजे स्वयंपाकघरातल्या खुणा. एका हातात बटाटा, दुसऱ्या हातानं अर्धीमुर्धी खूण, बाकी सगळं भुवयांवर भागवायचं. तिला ऐकू येतं. नवरा क्लॅरी बहिरा होता. भाषा ती त्याच्याकडूनच शिकली आणि तीस वर्षं त्याच्याशी भांडून भांडून पक्की केली. क्लॅरी गेला आणि भांडायला कुणी उरलं नाही. मग ती वृद्धाश्रमात धुण्याच्या कामाला लागली आणि तिथं तिला माझी आई सापडली.

आई, म्हणजे इडी, आणि मी ग्लेनिस, दोघीही जन्माच्या बहिऱ्या. आश्रमात बाकीचे सगळे ऐकणारे. मी लॉन्सेस्टनच्या कॉलेजात खुणांच्या भाषेच्या वर्गांना मदतनीस आहे, त्यामुळे माझं येणं फक्त रविवारी. उरलेले सहा दिवस आईला कोरलच होती. चादरींची गाडी ढकलत यायची आणि टेबलावर हात आपटायची. लाकूड हादरलं की आई वळायची.

"इडी, केस कुणी कापले? मेंढ्या भादरणाऱ्यानं?"

"तू आधी आपलं पोट बघ. गाडीच्या आधी तेच दारातून आत येतं!"

आम्हा बहिऱ्यांत असंच तोंडावर बोलतात. आईला आता लांबचं दिसत नाही, म्हणून कोरल गुडघ्याला गुडघा लावून बसायची. धुणं तसंच राहायचं.

यंदा आश्रमानं धुणं बाहेर द्यायचं ठरवलं. मॅनेजर कोरलला म्हणाला, "तुला इडीची सोबतीण म्हणून ठेवतो, पगारी. पण खुणांच्या भाषेचं प्रमाणपत्र आण." नाहीतर तिला कांद्याच्या कारखान्यात जावं लागणार होतं, आणि तिथून सुटका रविवारीच. म्हणजे आईचे सहा दिवस मुके. कोरल वयाच्या पासष्टाव्या वर्षी विशीतल्या पोरींबरोबर वर्गात येऊन बसली. बहिऱ्यांचा इतिहास घोकला, शाळेत आमचे हात कसे बांधून ठेवत ते वाचून वर्गातच रडली, आणि त्या पेपरात काठावर सुटली.

शेवटचा पेपर फिल्मचा. पडद्यावर कुणीतरी बहिरा माणूस गोष्ट सांगतो, गोष्ट दोनदा दाखवतात, मग प्रश्नांची उत्तरं लिहायची. कुठली फिल्म निघेल ते कुणालाच माहीत नसतं. खोलीत मी देखरेखीला. परीक्षार्थीला खूण करायची नाही, मान हलवायची नाही, भुवईसुद्धा नाही. भिंतीवर कॅमेरा असतो.

मी बटण दाबलं आणि पडद्यावर क्लॅरी आला.

तोच तो, उसवलेल्या कोपराचा तपकिरी स्वेटर घातलेला, करवतीत बोटाचं टोक गेलेला क्लॅरी. जन्मभर कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचा. कधी काळी कॉलेजवाल्यांनी फुकट जेवणाची लालूच दाखवून त्याला बसवलं असणार. तो गेल्यापासून त्याचे हात हलताना आम्ही कुणीच पाहिले नव्हते. कोरलचं तोंडच उघडं राहिलं.

क्लॅरी सांगत होता, "बायको बहिणीकडे गेलेली. मी मटण भट्टीत घातलं आणि फुटबॉल बघत बसलो. धूर झाला की वाजतो तो भोंगा कोकलत होता म्हणे. मला काय कळणार? शेजारी खिडकीतून आत उडी मारून आला! मटणाचा कोळसा. लिंबाच्या झाडाखाली पुरून टाकला. बायकोला म्हटलं, झकास झालं होतं, बोटं चाटत संपवलं. बिचारीला अजून खरं वाटतंय."

कोरलचे हात वर गेले.

"अरे चोरा! म्हणून कुत्रं तिथं उकरत होतं होय!"

आणि ती थांबली. आमच्यात समोरचा बोलला की आपण थांबतो, त्याच्याकडे बघतो, मग बोलतो. ती क्लॅरीच्या उत्तराची वाट बघत राहिली. क्लॅरी मान डोलावून पुढे सांगतच गेला.

दुसऱ्यांदा फिल्म लागली तेव्हा ती खुर्ची सोडून उठली. आधी त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. मग टेबल ठोकलं. मग, बहिऱ्याला हाक मारायची ती आमची रीत, पडद्यावरच्या त्याच्या खांद्यावर तिनं दोन बोटांनी टकटक केलं. पुन्हा केलं. "क्लॅरी, इकडे बघ ना रे. मी आहे."

मला हात उंचावून सांगायचं होतं, बाई गं, खाली बस, उत्तरं लिही, आईचे दिवस त्यात आहेत. शाळेत आम्ही खुणा करू नये म्हणून बाई आम्हाला हातांवर बसवायच्या. मी तशीच हात मांड्यांखाली दाबून बसले. इतकी लाचार मी शाळेतही नव्हते.

फिल्म संपली. कोरलनं पेन हातात घेतलं, पण लिहिलं एकाच प्रश्नाला. मटणाचं त्यानं बायकोला काय सांगितलं? तिनं लिहिलं, "खोटं सांगितलं. असा होता तो." बाकी पान कोरं.

ती नापास झाली. मी वरच्यांना विनवलं, निदान त्या फिल्मची एक प्रत तिला द्या. ती अजून परीक्षेत वापरतो, त्यांनी कळवलं, बाहेर देता येत नाही. कोरल कारखान्यात लागली.

गेल्या रविवारी ती आश्रमात आली, अंगाला कांद्याचा वास. आईला आठवडाभराचं सगळं एकदम सांगायचं होतं, पण हात लवकर थकले. न वापरलेले हात अवघडतात. आई जरा टेकली तशी कोरल माझ्याकडे वळली.

"ग्लेनिस, मी परत फी भरलीय. या खेपेला तीच फिल्म येईल का गं?"

"वीसेक फिल्म आहेत. कुठली निघेल कोण जाणे."

"तीच यावी." तिचे डोळे चमकत होते. "मागच्या खेपेला माझं सांगायचं राहूनच गेलं."

आईला आमचे हात हलताना दिसले, बोलणं कळलं नाही. तिनं माझा गुडघा थोपटला. "काय म्हणतेय ती? होईल ना पास या खेपेला?"

मी आईच्या डोळ्यांजवळ हात नेले. "होईल."

"मग रोज येईल," आई म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून कोरलकडे बघून हसली.