फुंकरआत्याने राखलेला दिवा

आमच्या दगडखाणीवरच्या वस्तीत तिला सगळे फुंकरआत्या म्हणायचे. कुणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी चिमणीकडे बघायची आणि कुणी वाचत-शिवत नसेल तर फू करून विझवायची. "बोलायला उजेड कशाला? तोंड सापडतंय ना?" घर माझं, रॉकेल माझं, त्यामुळे मला राग यायचा. पण वस्तीत वीज नाही आणि रॉकेलच्या रांगेत दिवस मोडतो, हे मलाही ठाऊक होतं. शेजारीण म्हणून मी तिच्याशी भांडायचे आणि तिचं ऐकायचेही.

ती खडी फोडायची. भाऊ-भावजय दरडीखाली गेले, तेव्हापासून त्यांची मुलगी हिच्याकडे. आत्याच्या एका डोळ्यात दगडाची कपची गेलेली. त्या डोळ्याने तिला फक्त ऊन कळायचं. "ही पोर हातोडा धरणार नाही," एवढं एकच ती अडून बसून बोलायची. पोर हुशार होती. परीक्षेत चांगली आली तर शहरातल्या वसतिगृहात जागा मिळेल, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. नाही आली तर मुकादम टपलेलाच होता.

त्याच बाईंनी मुलांना सौरदिवे दिले. रोज उन्हात ठेवा, रोज वापरा, असं बजावून दिले. पहिल्या संध्याकाळी आत्याने सवयीने दिव्यावर फुंकर घातली. दिवा ढिम्म. भाची हसून लोळली, आत्याही हसली आणि मग बटण शोधून तिने तो बंद केला.

पुढे मात्र तिचं डोकं तिच्या वाटेने चाललं. "रोज वापरा म्हणे. ज्यांना तेल आणावं लागत नाही, ते असंच बोलतात," ती मला म्हणाली. "भरून ठेवलाय. परीक्षेला लख्ख पेटेल बघ." बाटलीतलं रॉकेल, डब्यातलं पीठ, जे राखलं ते उरलं, एवढंच तिने जन्मभर पाहिलेलं. भावजयीच्या निळ्या कपड्याची पिशवी शिवून तिने दिवा पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. डोळ्यांत तेल घालून जपला. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. हिने नुसतं राखलंच.

वस्तीतली बाकीची पोरं दिवे लावून दारात बसू लागली. माझी थोरली भाचीच्याच वर्गात, पाढ्यांना घाबरायची, ती गणितं सोडवायला लागली. भाचीचं पाणी भरून, स्वयंपाक होईतो अंधार पडायचा. मग चिमणी, तीही वात बारीक करून. ती माझ्या थोरलीशेजारी येऊन बसली की आत्याची हाक यायची, "लोकांचा उजेड खाऊ नको गं." मी कितीदा म्हटलं, "अगं, काढ ना तो दिवा."

"काढीन. वेळ येऊ दे."

परीक्षा तोंडावर आली. आत्याने हात धुतले, पेटी उघडली, दिवा बाहेर काढला आणि बटण दाबलं. काही नाही. उन्हात ठेवला, पुन्हा दाबलं. काही नाही. बाईंनी येऊन पाहिलं आणि सांगितलं, की बॅटरी पडून पडून मेली. रोज वापरली असती तर टिकली असती.

"सांडला नाही, कुणी चोरला नाही," आत्या म्हणाली, "मग उजेड गेला कुठे?"

मला तिची कीव आली आणि तिच्या मुस्कटात मारावीशीही वाटली. त्या संध्याकाळपासून मी आमचा दिवा दोन्ही पोरींच्या मध्ये ठेवला, पण वर्षाचं राहिलेलं आठवड्यात भरून निघत नाही. माझी थोरली वसतिगृहात गेली. भाची राहिली.

पोरीने आत्याला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, आत्याला निदान भांडता आलं असतं.

आता दोघी शेजारी बसून खडी फोडतात. आत्याने निळ्या पिशवीची शिवण उसवून फडकं केलं, धूळ नाकात जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी पोरीने ते घडी करून बाजूला ठेवलं. आईचा कपडा, मळेल म्हणाली.

आत्याने हातोडा खाली ठेवला आणि फडकं स्वतः तिच्या तोंडाला बांधलं. "रोज बांधायचं," ती म्हणाली. "फाटलं तर फाटू दे."