शेवटच्या चार ओळी

बाईंचा पारा एरवी दुपारच्या तासाला चढायचा. पेपर तपासणीच्या केंद्रावर त्या दिवशी तो सकाळी पावणेदहालाच चढला. उत्तरसूची हातात पडल्या पडल्या त्यांनी आधी सातवा प्रश्न शोधला. म्हाताऱ्याने फाटकाला कडी का लावली? चार मार्क. खाली उत्तर होतं: त्याची आशा संपली म्हणून. आणि त्याच्याही खाली, ठळक अक्षरात, अन्य उत्तरास शून्य.

उत्तर धडधडीत चुकीचं होतं. हे त्या हॉलमधल्या बत्तीस परीक्षकांपैकी एकट्या बाईंना ठाऊक होतं, आणि ठाऊक असायचं कारणही तसंच होतं. ती चूक त्यांचीच होती.

एकोणीस वर्षांपूर्वी शाळेत एक गाईडवाला आला होता. नवं पाठ्यपुस्तक दोन महिन्यांत येणार, त्याच्या आत गाईड बाजारात यायला हवं, अशी त्याची घाई. त्याने कुठूनतरी मिळवलेल्या आठ जुन्या इंग्रजी कवितांच्या झेरॉक्स बाईंच्या हातात कोंबल्या आणि म्हणाला, पोरांना कळेल असा अर्थ लिहा, फार खोलात जाऊ नका. बाई खोलात गेल्या नाहीत. तीन रविवार, सहा वर्षांची मुलगी टेबलाखाली खेळतेय, कुकरच्या शिट्ट्या चालल्यात, आणि बाई दोनशे वर्षांपूर्वीच्या कवींना सोपं करून सांगतायत. गाईड छापून आलं तेव्हा मुखपृष्ठावर लिहिलं होतं, अनुभवी शिक्षकांचे मंडळ. ते मंडळ म्हणजे बाई आणि त्यांचं बॉलपेन.

त्यातली पाचवी कविता फाटकाची. एका म्हाताऱ्याचा मुलगा भांडून घर सोडून जातो. म्हातारा रोज संध्याकाळी अंगणाचं फाटक उघडं ठेवतो, थंडीवाऱ्यात, लोक हसतात तरी. शेजारी रोज येता-जाता ते उघडं फाटक बघतो. आणि एका संध्याकाळी त्याला दिसतं की फाटकाला आतून कडी आहे. झेरॉक्स इथे संपत होती, अगदी पानाच्या तळाशी. बाईंनी लिहून टाकलं: म्हाताऱ्याची आशा अखेर मावळते; माणसाने खोट्या आशेवर जगू नये, हा कवीचा संदेश आहे. वाक्य त्यांना तेव्हा फार आवडलं होतं. त्यातल्या अर्धविरामाचासुद्धा त्यांना अभिमान वाटला होता.

झेरॉक्सवाल्याने पान उलटलंच नव्हतं. पुढच्या पानावर आणखी चार ओळी होत्या.

तुम्ही म्हणाल, पाठ्यपुस्तक आल्यावर तरी बाईंना दिसायला हवं होतं. हवं होतं ना. पण शिकवताना बाई पुस्तक उघडतच नव्हत्या. कविता त्यांना तोंडपाठ होती, आणि तोंडपाठ होती ती झेरॉक्सवरची. मुलंही कडीपाशी आली की पुस्तक मिटून वहीत अर्थ उतरवून घ्यायची. अशी नऊ वर्षं गेली.

मग मुलगी दहावीला गेली. एका संध्याकाळी ती मोठ्याने कविता वाचत होती आणि बाईंचे यजमान शेजारी कपड्यांना इस्त्री करत होते. त्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं, इंग्रजी बेताचं, पण एखादी गोष्ट अर्धवट सोडायची सवय नाही. इस्त्री उभी ठेवून त्यांनी विचारलं, "अगं, म्हातारा एकटाच ना? मग दाराशी बुटांचे दोन जोड कसे?"

बाई म्हणाल्या, कसले बूट, कवितेत बूट नाहीत. मुलीने पुस्तक पुढे केलं. होते. पायरीवर चिखलाने माखलेले बुटांचे दोन जोड, आत शेकोटीजवळ ओढलेल्या दोन खुर्च्या, आणि शेजाऱ्याला खिडकीतून ऐकू येणारं दोघांचं बोलणं. ज्याच्यासाठी फाटक उघडं ठेवायचं तो घरी आला होता, म्हणून कडी लावली होती. म्हाताऱ्याच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची संध्याकाळ बाईंनी नऊ वर्षं निराशा म्हणून शिकवली होती. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. यजमानांना वाटलं, आपण उगाच तोंड घातलं.

त्यानंतरची दहा वर्षं म्हणजे नुसता संताप. बाई गाईडवाल्याकडे गेल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की बाई, या अर्थाला पोरांना पूर्ण मार्क पडतात, मी कशाला हात लावू? परीक्षा मंडळाला त्यांनी तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे. तो विभाग कुठे असतो ते देवाला माहीत. उत्तरसूची करणारे शिक्षक त्याच गाईडवर शिकून मोठे झालेले. त्यांना कविता उघडायची गरज वाटत नव्हती, जशी बाईंनाही कधी वाटली नव्हती.

वर्गात मात्र बाई खरा अर्थ शिकवू लागल्या. मुलं ऐकायची, दोन बुटांपाशी त्यांचे चेहरे खुलायचे, आणि मग कुणीतरी हात वर करायचंच: परीक्षेत कोणतं लिहायचं? पहिल्या वर्षी बाई ताठ मानेने म्हणाल्या, खरं ते लिहा. अख्ख्या वर्गाचे चार-चार मार्क गेले. पालक गाईड हातात घेऊन शाळेत आले आणि मुख्याध्यापिकेने बाईंना केबिनमध्ये बोलावून, दार लावून, नीट समज दिली. दुसऱ्या वर्षापासून तोच हात वर झाला की बाई फळ्याकडे वळून म्हणायच्या, गाईडमधलं लिहा. ते वाक्य उच्चारताना त्यांना स्वतःची लाज वाटायची आणि दर वर्षी ते उच्चारावं लागायचं.

आता निवृत्तीला एक महिना उरला होता. एवढी वर्षं तपासणीचं काम टाळणाऱ्या बाईंनी या वर्षी आपणहून नाव दिलं, ते एवढ्यासाठीच. जाण्याआधी ती ओळ उत्तरसूचीतून काढायची. बाकी सत्कार, शाल, भाषणं काही नको.

हॉलमध्ये त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, झेरॉक्ससकट. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. ते गाईड तज्ज्ञांच्या मंडळाने लिहिलंय, बाई, असं एकाने समजुतीच्या सुरात सांगितलं. मुख्य परीक्षक बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मवाळ, सतत चष्मा पुसणारे सर होते. त्यांनी पाठ्यपुस्तक मागवलं, शेवटच्या चार ओळी दोनदा वाचल्या आणि हळूच म्हणाले, बाई, तुमचंच बरोबर दिसतंय. बाईंना वाटलं, सुटले. पण सरांनी पुस्तक मिटलं. बाकीच्या एकोणीस केंद्रांवर तपासणी कालच सुरू झालीय, म्हणाले. एका केंद्रावर आशा संपलेली आणि दुसऱ्यावर मुलगा घरी आलेला, असं कसं चालेल?

चूक आहे हे मान्य, आणि तरी हलायचं नाही. यापेक्षा भांडलेलं परवडतं. भांडणाऱ्याला निदान काही ऐकवता येतं. बाई मुकाट्याने जागेवर जाऊन बसल्या आणि गठ्ठ्याची दोरी इतक्या जोरात ओढली की ती तुटली.

चहानंतरच्या गठ्ठ्यात तो पेपर निघाला. अक्षर तिरकं, इंग्रजी मोडकंतोडकं, काळांची खिचडी झालेली. सातव्याच्या उत्तरात लिहिलं होतं की मुलगा घरी आला, बूट दोघांचे आहेत, आता फाटक उघडं ठेवायचं काम नाही. त्याखाली ओळ सोडून, जपून, आणखी एक वाक्य होतं. गाईडमध्ये वेगळं आहे, पण परीक्षकांनी शेवटच्या चार ओळी एकदा वाचाव्यात ही विनंती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना राग आला. कुणा अनोळखी पोराने नाहीतर पोरीने, कुणी न सांगता, पान उलटलं होतं. त्यांनी समासात चार लिहिलं, भोवती गोल केला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं.

दर दहातला एक पेपर सर पुन्हा बघायचे. नेमका तोच त्यांच्या हाती लागला. ते स्वतः उठून बाईंच्या बाकापाशी आले, शेजारच्या रिकाम्या जागेवर बसले आणि चष्मा पुसू लागले. बाईंनीच तोंड उघडलं. दोन्ही उत्तरं धरा, म्हणाल्या, कुणाचंच नुकसान नाही.

"मी तेच विचारलं, बाई. आत्ताच वर फोन केला होता," सर म्हणाले. "एकच उत्तर ठेवा म्हणतात. याला चार द्यायचे असतील तर निराशा लिहिणाऱ्या सगळ्यांना शून्य. आणि तसं लिहिणारे तुमच्या या एका गठ्ठ्यात किती आहेत, ते तुम्हीच बघा."

बाईंना बघायची गरज नव्हती. पंचेचाळीसपैकी चव्वेचाळीस. सगळ्यांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला होता, त्यांचं वाक्य पाठ केलं होतं, ते लिहिताना पेन घट्ट धरलं होतं. त्यांचा गुन्हा काय?

"आणि याचा गुन्हा काय?" बाईंनी विचारलं.

सरांनी मान खाली घातली. काही नाही, म्हणाले. मग उठता उठता, जवळजवळ माफी मागितल्यासारखं, आठवण केली की मार्क बदलले तर त्या आकड्याशेजारी तपासणाऱ्याची सही लागते.

बाईंनी तो पेपर पुन्हा समोर ओढला. विनंतीचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. मग चारवर आडवी रेघ मारली, शून्य काढलं आणि शेजारी पूर्ण सही केली, नेहमीची छोटी नाही. पेपर उलटा करून बाजूला ठेवला.

पुढचा पेपर उघडला. सातव्या प्रश्नाला म्हाताऱ्याची आशा मावळली होती, अर्धविरामासकट. बाईंनी चार मार्क दिले.