साडेदहाची शिस्त

नागपूरलगतच्या वाडीच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या डोक्यात शिस्तीचं वारं भरलेलं होतं. आधीचे सर भिडस्त. कोणी कधीही यावं, मस्टरवर सही करावी, वर सरांनीच चहा विचारावा. सगळ्यांना आठवड्यात सरळ करायचं मी ठरवलं. साडेदहा वाजले की मस्टर माझ्या टेबलाच्या खणात जाई. आणि उशिरा आलेल्या शिक्षकानं परिपाठ संपेपर्यंत ध्वजस्तंभापाशी, मुलांकडे तोंड करून उभं राहायचं, ही माझी स्वतःची भर. ती सुचली तेव्हा मी स्वतःवर खूश झाले होते, हेही सांगून टाकते.

बाकीचे दोन-तीन दिवसांत सुतासारखे सरळ झाले. राहिल्या सातवीच्या बाई. नंदनवनहून, अख्खं नागपूर ओलांडून स्कुटीवर यायच्या आणि रोज दहा मिनिटं उशीर करायच्या. पन्नाशीच्या त्या बाई हेल्मेट हातात धरून, खाली मान घालून उभ्या राहत. कारणं सांगू नका, असं मी आधीच बजावलं होतं. कारण ऐकलं की माणूस विरघळतो, आणि विरघळलेल्या मुख्याध्यापिकेला कोणी भीक घालत नाही, असं माझं मत. सहाव्या दिवशी बाई सव्वादहालाच हजर. पुढे केंद्रप्रमुखांनी शाळेच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं, तेही मी मिरवलं.

महिन्याभरानं हजेरीपट तपासताना सातवीतली एक मुलगी सलग गैरहजर दिसली. मी बाईंना बोलावून झापलं. "वर्गशिक्षिका आहात ना? एकदा तिच्या घरी जाऊन यायला काय होतं?"

"मी रोजच जात होती, मॅडम," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिचे आईबाबा सकाळी सातलाच गोदामात कामाला जातात. लहान भाऊ तिच्याजवळ राहतो. अंगणवाडी दहाच्या पुढे उघडते. त्याला तिथं सोडून मी हिला गाडीवर आणत होती, पायी यायला लांब पडते. तुम्ही उभं करायला लागल्या, मग बंद केलं. सांगायला दोनदा आली होती, पण तुम्ही म्हटलं, कारणं नको."

मला त्यांच्याकडे बघवेना. गेटाशी उतरून ती मुलगी रोज रांगेत मागे जाऊन उभी राहत असणार. मी मात्र शिक्षक मोजत होते.

रविवारी मी तिच्या घरी गेले. ट्रकांच्या रांगेमागे एकाला एक लागून भाड्याच्या खोल्या. चूक माझी होती, हे त्या माउलीला सांगायचं, असं वाटेत चारदा घोकलं होतं. मुलीची आई दारात कपडे धूत होती. मुलगी घरात नव्हती.

"मामाच्या गावाले धाडलं जी दोघाइले. लहान्याले कोन पाहीन?"

"आणि तिची शाळा?"

"तिथं शाळा पाचवीलोकच हाय, सहावी-सातवी नाही." हात पुसत तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि आत जाऊन चहा ठेवला. मग जवळ येऊन, आवाज बारीक करून म्हणाली, "मॅडम, थ्या बाईनं येनं काहून बंद केलं? पोरगी किती दिवस वेनी घालून, दप्तर घेऊन दारात बसून राहे. आमचं काही चुकलं का जी? तुमी विचारसान का बाईले?"

"विचारते," मी म्हणाले, आणि तिनं दिलेला चहा प्यायले.