दहा वर्षांचे मामा

माणसाच्या तोंडाकडे बघून त्याचं वय सांगणारा, ते हमखास चुकवणारा, आणि चुकल्यावर समोरच्यानेच आपलं वय दुरुस्त करून घ्यावं अशी अपेक्षा ठेवणारा गृहस्थ अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मामा वडूजला असतात. तिथली टॉकीज बंद पडेपर्यंत ते तिच्या दारावर होते. मालकाच्या समजुतीने ते तिकिटं फाडायला होते. मामांच्या समजुतीने त्यांची खरी ड्युटी मॉर्निंग शोला सुरू व्हायची, कारण त्या पोस्टरच्या कोपऱ्यात 'फक्त प्रौढांसाठी' असं लिहिलेलं असायचं आणि प्रौढ कोण हे ठरवायचं काम सरकारने आपल्यावर सोपवलंय असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मिशीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. काजळाने मिशा काढून आलेली पोरं ते ओल्या बोटाने पुसून परत पाठवायचे. ते प्रश्न विचारत. घरात किराणा कोण भरतं, मेव्हणा कसा आहे. उत्तर देताना कपाळाला आठी पडली की माणूस प्रौढ. "खरा मोठा माणूस ह्या दारातनं मान खाली घालून जातो जावईबापू, आन् पोरगं छाती काढून," असं ते सांगतात. ह्या हिशेबाने त्यांनी एकदा गावात नव्याने बदलून आलेल्या हेडमास्तरांना, ताठ चालतात म्हणून, दारातूनच माघारी धाडलं होतं.

मलाही. लग्नात हेच मामा बायकोच्या मागे उभे राहिले होते, अक्षता टाकताना माझ्या डोळ्यात पहिली त्यांचीच गेली होती. तरी दोन महिन्यांनी आम्ही दोघं वडूजला गेलो आणि सहज म्हणून टॉकीजवर गेलो, तर ह्यांनी भाचीला आत सोडलं आणि मला थांबवलं. सिनेमा तर देवाधर्माचा होता. पण माझ्या चेहऱ्यावर संसाराची खूण दिसत नाही असं त्यांचं मत पडलं. मी म्हटलं, मामा, मी जावई तुमचा. "ड्युटीवर नातं न्हाई," ते म्हणाले. मध्यंतरापर्यंत मी भेळेच्या गाड्याशी उभा होतो. मध्यंतरात त्यांनी मला पुन्हा निरखलं आणि सोडलं. तेवढ्या वेळात तुमच्या तोंडावर जरा कळा आली, म्हणाले.

टॉकीज गेली, ड्युटी राहिली. एस.टी.त बसले की शेजारच्या पोराचं हाफ तिकीट बरोबर नाही हे ते कंडक्टरला आपणहून कळवतात. एकदा सांगलीला आमच्याकडे येताना एक बाई ह्यावरून पुसेसावळीपर्यंत त्यांच्याशी भांडत आली, आणि उतरताना, "आवं आजोबा, तुमचं वय झालं," एवढंच म्हणाली. मामा म्हणाले, बघा, वय तिलाबी कळतंय.

अशा माणसाच्या हातात गेल्या वर्षी पेपर पडला. बाहेरच्या देशांत म्हणे कायदे झालेत, मोबाइलवर मोठ्यांचं काही बघायचं तर आधी वय सिद्ध करायचं, कुठे कागद दाखवून, कुठे नुसता चेहरा दाखवून. आपल्याकडेही तसं काही येणार. मामांचा मला फोन आला. इतकी वर्षं मी एकटा सांगत होतो, आता सगळ्या जगाला पटलं, असा एकूण सूर. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. दारावर माणूस कोण? माणूस नाही, मशीन आहे, मी म्हटलं. मशीन प्रश्न काय विचारतं? काही नाही, फक्त बघतं. मग ज्याचं वय झालंय आणि अक्कल नाही त्याला सोडतं का? मी म्हटलं, सोडत असावं. बँकेत बसतो म्हणून सासरी मला सगळं कळतं असा समज आहे, आणि तो टिकवताना माझी दमछाक होते.

कायदा येईपर्यंत थांबायला मामांना सवड नव्हती. ओट्यावर येणारी गल्लीतली चिल्लीपिल्ली त्यांचाच फोन घेऊन बसतात, तेव्हा दार आपल्यापासून बसवायचं ठरलं. मोबाइलच्या दुकानात जाऊन त्यांनी सगळ्यात कडक कुलूप मागितलं. दुकानदार म्हणाला, कडक कुलूप फक्त लहान पोरांच्या फोनला असतं. "मग मला ल्हान कर," मामा म्हणाले. त्याने मामांचं वय दहा वर्षं टाकलं. पालक कोण विचारल्यावर मामांनी अभिमानाने माझा नंबर दिला.

तेव्हापासून मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा पालक आहे. बँकेत समोर खातेदार बसलेला असताना माझा फोन वाजतो आणि त्यावर येतं, तुमच्या पाल्याला अमुक हवं आहे, परवानगी द्यावी. पाल्याला पंचांग हवं असतं. पाल्याला कांद्याचे बाजारभाव हवे असतात. मी देत असे. मग पावसाळा सरता सरता एका दुपारी आलं की पाल्य प्रौढांसाठीचा व्हिडिओ उघडू पाहत आहे, तो अडवण्यात आला आहे. थोड्या वेळाने पुन्हा. संध्याकाळपर्यंत येतच राहिलं.

घरी येऊन बायकोला दाखवलं. ती कणीक मळत होती, तशीच हात परातीत ठेवून वाचत राहिली. मामीची नुकतीच मिरजेला काखेतली गाठ काढली होती, ती घरात पडून, आणि ह्यांचं हे काय, असं बायको पुटपुटली. फोनवर विचारायची छाती कुणालाच नव्हती. शेवटी पालक म्हणून मीच रविवारी वडूजला गेलो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मामेसासऱ्याशी ह्या विषयावर काय आणि कसं बोलावं, ह्याचा विचार करता करता माझा स्टँड मागे राहिला.

मामा ओट्यावर बसले होते. फोन हातभर लांब धरून त्यात बघत होते आणि स्क्रीनवरच्या गोलात त्यांचा चेहरा काही मावत नव्हता. कुलूप काढायचं तर फोन म्हणत होता, तुम्ही मोठे आहात हे दाखवा, चेहरा समोर धरा. टोपी काढून झाली होती, मिशीला पाणी लावून झालं होतं. दर वेळी तेच येत होतं, वय निश्चित करता आले नाही. मामांनी घाबरून छाती काढलेली मी पहिल्यांदा बघितली.

मी माझा फोन पुढे केला आणि कसलाही चेहरा न करता म्हटलं, काय बघायचंय ते ह्यावर बघा. मामा दचकले. जावयाच्या फोनवर ते बघायचं नसतं, म्हणाले. नजर वर करेनात. आता मी काहीतरी समजूतदार बोलणार, तेवढ्यात मामी आतून दाराशी आली. केस मोकळे, डावा हात पोटाशी धरलेला.

"आवं, सांगा की त्यास्नी. का मी सांगू?"

"अगं, जावई हायती."

"मग? गाठ काखेत न्हवती जावईबापू. छाती काढलीया माझी. डाक्टरीणबाईनं व्यायामाचा व्हिडिओ पाठवलाय, त्यात बाई उघडी हाय म्हणून ह्यो फोन दावत न्हाई. हात वर जाईना. आखडला तर ऱ्हाईल म्हणाल्यात तसाच. केस बांधायला रोज तुमच्या बायकूला सांगलीस्नं बोलवू व्हय?"

माझ्या डोक्यात पालकांनी पाल्याला द्यायचा जो उपदेश तयार होता तो कुठे ठेवावा मला कळेना. मोठ्यांचं आणि लहानांचं ह्यांतली रेघ नक्की कुणी आणि कुठे मारली, हेही कळेना. अजूनही कळलेलं नाही. मामांनी तो व्हिडिओ माझ्या फोनवर पाठवला. तो उघडला, कुणी काही विचारलं नाही. मी फोन आत नेऊन मसाल्याच्या डब्याला टेकवला आणि बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. आतून व्हिडिओतल्या बाईचा संथ आवाज येत होता, भिंतीकडे तोंड करा, बोटं हळूहळू वर चालवा. आणि मग मामांचा, त्याहून हळू, "बास, बास. आज हितवरच."

फोन मी तिथेच ठेवून आलो. दुकानदाराने पुढे मामांना मोठं केलं, त्याला बरेच दिवस लागले. तोवर बँकेत माझा फोन कुठे म्हणून विचारणाऱ्यांना मी दुरुस्तीला दिलाय असं सांगत होतो.

परवा दिवाळीला गेलो तर सोप्यातल्या भिंतीवर कुंकवाच्या बोटांच्या खुणा दिसल्या, एकीवर एक, माझ्या डोक्याच्याही वर गेलेल्या. मामीचा हात रोज कुठवर पोचला त्याच्या त्या. प्रत्येक खुणेच्या शेजारी आणखी एक होती, बोटभर खाली. ती कुणाची, मी विचारलं. तिला एकटीला कंटाळा येतो म्हणून मीबी करतो, मामा म्हणाले. मामांचा हात माळ्यावरचं पोतं सहज काढतो, हे मी तासाभरापूर्वीच पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खांदा चोळत म्हणाले, "माझाबी धरलाय हो जरा. हिच्यावर जात न्हाई."

मामी आत केस बांधत होती.