पित्तराच्या पाटावर रूपराव

पवनारात पितृपक्षाचे पंधरा दिवस रूपरावांना स्वतःच्या घरी जेवता येत नाही. कुणाचा बाप, कुणाचा आजा, कुणाचा सासरा म्हणून त्यांना पाटावर बसावं लागतं. गेलेल्याच्या वयाचा माणूस बोलावून त्याच्या नावानं जेवू घालायची आमच्याकडे रीत आहे, आणि अडुसष्ट वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले हे कंडक्टर गावातल्या बहुतेक म्हाताऱ्यांसारखे दिसतात. बसण्याआधी ते एवढंच विचारतात, "त्याले काय आवडे?" मग ते आवडीनं खातात. एका घरी नुसत्या तळलेल्या मिरच्या निघाल्या. त्याही खाल्ल्या.

तरण्या माणसाच्या पाटावर मात्र ते बसत नाहीत. त्यांचा मुलगा प्रफुल बाविसाव्या वर्षी धाम नदीत बुडाला. त्याचं पान बारा वर्षांत त्यांनी एकदाही वाढू दिलं नाही. घरात विषय निघाला की उठून बाहेर जायचे. मला त्यांचा हा हट्टीपणा अजिबात पटायचा नाही.

माझ्या शेजारच्या कौशल्याबाईंकडे डॅनियल नावाचा अमेरिकन भाडेकरू आहे. तो अफगाणिस्तानच्या लढाईत होता. आता लेखक आहे, म्हणजे दोन वर्षं पहिलंच प्रकरण लिहितो आहे. लढाई संपली की अमेरिकेतले लेखक देश सोडतात, पूर्वी पॅरिसला जायचे, असं त्यानं एकदा सांगितलं.

"मंग तू पवनारले काऊन आला?" रूपरावांनी विचारलं.

"पॅरिसले आता लेखकच लेखक झाले, काकाजी." मराठी तो कौशल्याबाईंकडून शिकला.

यंदा त्यानं रूपरावांना गळ घातली. एडी नावाचा मित्र लढाईत त्याच्या शेजारीच गोळी लागून मेला होता. त्याच्यावर लिहायला बसलं की हात चालत नव्हता. "त्याले एकदा जेवू घालतो, काकाजी. नाई जमलं तर वापस जातो."

"वय?"

"एकवीस."

रूपराव उठून निघून गेले.

मग डॅनियल घरोघर फिरला. आपला तरणा पोरगा मेलेल्याच्या पाटावर बसवायला एकही आई तयार होईना, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. डॅनियलनं बॅग भरली, आणि ते गावभर झालं.

चतुर्दशीला, म्हणजे हत्यारानं मेलेल्यांच्या तिथीला, रूपराव धुतलेलं धोतर नेसून कौशल्याबाईंच्या दारात उभे राहिले.

"वयाचं चालवून घेजो," ते डॅनियलला म्हणाले. "त्याले काय आवडे?"

"शेंगदाण्याचं लोणी. पावावर."

कौशल्याबाईंनी शेंगदाणे भाजून पाट्यावर वाटले. डॅनियलनं रूपरावांचे पाय धुतले, टिळा लावला, वाढलं. ते लोणी रूपरावांच्या टाळूला चिकटलं आणि बराच वेळ त्यांना बोलता येईना. समोर डॅनियल हमसून रडत होता. रूपरावांनी बोटानंच अजून एक पाव मागितला.

हात धुऊन निघताना ते फाटकाशी थांबले.

"तुह्यं वय किती?"

"चौतीस."

"प्रफुल बी आता तेवढाच असता." त्यांनी चप्पल घातली. "उद्या अमावास्या. आमच्या घरी जेवाले येजो. त्याले वांग्याचं भरीत आवडे. तिखट लागते, पण सगळं खाजो."