फी माफ

आमचं खेडं भूमजवळचं. निजामाचं राज्य, म्हणून वरच्या इयत्ता उर्दूतूनच. मी मॅट्रिक झालो तेव्हा घरात उर्दू वाचणारा मी एकटाच होतो. हैदराबादच्या कॉलेजाचं मला वेड लागलं होतं. तिथं म्हणे एकेका वर्गात आमच्या आळीएवढी माणसं बसतात! पण फीचा आकडा ऐकून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कपाळाला हात लावला. सवलत मिळते असं कळल्यावर मी अर्ज धाडला आणि परंड्याला आत्याकडं गेलो.

परतलो तर आबांचा चेहरा लालबुंद. "त्या कालिजाचं नाव काढू नगंस. सोमवारपून भूमला आडतीवर कारकुनी करायची."

आईला विचारलं तेव्हा उलगडा झाला. माझ्यामागं कॉलेजाचं पत्र आलं होतं. टपालवाल्याचं उर्दू जेमतेम. अक्षरं जुळवत तो म्हणाला होता, "आबा, फीचं लिव्हलंय. माफ म्हणत्यात."

आता आमच्याकडं माफ कुणाला म्हणतात? दारातल्या भिकाऱ्याला. "माफ कर बाबा, फुडं जा." आबांनी उभ्या जन्मात कुणाला असं परतवलं नव्हतं, आणि हैदराबादनं त्यांच्या पोराला तसं हाकललं! दोन दिवस ते पारावर बसून कॉलेजाचा उद्धार करत होते.

मी पत्र हुडकलं. आबांनी ते फाडलं नव्हतं, देव्हाऱ्यामागं खुपसलं होतं. वाचता वाचता मी ओरडलोच, "आबा, फी माफ! म्हंजी भरायचीच न्हाय!"

"परत वाच."

तीनदा वाचलं. आई हसता हसता रडायला लागली. मी अंगणात उड्या मारत होतो. इतका आनंद मला पुढं पदवी मिळाल्यावरही झाला नाही. आबा मात्र विचारात पडलेले. "फुकटात मास्तर नीट शिकिवतील का रं?"

"फी भरणाऱ्यांच्याच वर्गात बसायचंय, आबा."

"मंग लिही त्यास्नी. पोरगं येतंय म्हणावं." एवढं बोलून ते घुटमळले. पारावर दिलेल्या शिव्या आठवल्या असाव्यात. "अन् हे बी लिही, आमालाबी माफ करा."

मी ते जसंच्या तसं उर्दूत लिहून धाडलं.