ओल्या भिंतीवरची सही

बैठक संपली आणि सगळे कांबळे मॅडमचं अभिनंदन करायला उठले. मी बसून राहिलो. चहा गार झाला होता, तोच पीत राहिलो.

टाळेबंदी उठली होती, पण कामधंदे अजून आडवेच होते. आमचं सरकारी कार्यालय धान्याच्या किट वाटत होतं. कांबळे मॅडम समाजकल्याणाकडे, मी बांधकाम विभागात इंजिनिअर. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो होतो. या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "साहेब, नाटकांचे पडदे रंगवणारे, पाट्या लिहिणारे किटच्या रांगेत येत नाहीत. लाजतात. त्यांना शाळांच्या भिंती रंगवायला द्या. रोजंदारीवर येतील."

साहेबांना कल्पना पटली. आधी स्वारगेटजवळच्या एका शाळेची एक नमुना भिंत करायची. ती बघून साहेब ठरवणार. पसंत पडली तर आणखी अकरा शाळा आणि चाळीस रंगाऱ्यांना काम. नाही पडली तर योजना तिथेच बंद.

मी म्हणालो, "भिंती आधी तपासाव्या लागतील."

"अहो निंबाळकर, यात कसलं आलंय इंजिनिअरिंग? एक सही तर करायचीय," साहेब म्हणाले. सगळे हसले. मॅडमही हसल्या.

मला हेवा वाटला, हे सरळच सांगतो. वीस-बावीस वर्षं मी शाळांच्या गच्च्या गळू दिल्या नव्हत्या. न गळणाऱ्या गच्चीचा कोणी फोटो काढत नाही. आणि या बाईंनी दहा मिनिटं बोलून सगळं कार्यालय खिशात घातलं होतं.

ती भिंत मीच नुकती दुरुस्त करून घेतली होती. आतला पाइप गळत होता, तो बदलून नवं प्लास्टर केलं होतं. असं प्लास्टर बाहेरून कोरडं दिसतं, आत पाणी असतं. ते ओळखायची सोपी युक्ती आहे. हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावायचं. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर भिंत ओली. मी लावलं. सकाळी थेंब होते, चांगले ओघळत होते.

मी प्लास्टिक काढलं, घडी करून बॅगेत टाकलं आणि फाइलवर लिहिलं, 'रंगकामास योग्य'. खाली सही केली. होऊ दे खराब, मग कळेल यात इंजिनिअरिंग काय असतं ते, असं तेव्हा मनात होतं.

रंगारी होते बबनराव. खडकवासल्याच्या बाजूच्या गावातले, साठीचे. आयुष्यभर नाटकांचे पडदे रंगवलेले. काम सुरू करण्याआधी त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"सायेब, गार लागतीया. वली तर न्हाई ना?"

"सही केली आहे मी," मी म्हणालो.

"मग काय सवालच न्हाई," असं म्हणून त्यांनी डबा उघडला.

त्यांनी भिंतीवर मंडई रंगवली. वांग्यांवरचा उजेड असा, की उचलून पिशवीत टाकावीत. रस्त्यावरचे लोक थांबून फोटो काढायला लागले. पेपरात मॅडमचा फोटो आला. मी तो पेपर घरी नेलाच नाही. बायकोने शेजारून आणून वाचला आणि म्हणाली, "किती छान काम केलंय हो यांनी." मी जेवण अर्धं टाकून उठलो.

तीन आठवड्यांनी साहेब बघायला यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी भिंतीला लोणा आला. म्हणजे असं, की आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं आणि क्षार पांढऱ्या भुकटीसारखे राहतात. त्या क्षारांनी रंग उचलला. कमरेएवढ्या उंचीपर्यंत मंडईला फोड आले, पोपडे पडायला लागले.

साहेब आले, बघून म्हणाले, "मॅडम, या लोकांना हे जमत नाही असं दिसतंय. पुढच्या शाळांचं राहू द्या."

मॅडमचं तोंड एवढंसं झालं. याच क्षणाची मी वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू, अर्धा मिनिट बरं वाटलं. तेवढ्यात बबनराव हात जोडून पुढे आले.

"माझ्याच हातनं चुकलं असंल, सायेब. पडद्याची सवय हाय, भिंतीची न्हाई. पर बाकीच्यांचं काम थांबवू नगा."

मग मला गप्प राहवेना. "भिंत ओली होती," मी म्हणालो. "मला माहीत होतं."

"मग सही का केलीत?" साहेबांनी विचारलं.

परतताना मॅडमनी गाडीजवळ गाठलं. "मला सांगितलं असतंत तर आम्ही थांबलो असतो."

"साहेब हसले तेव्हा तुम्हीही हसलात."

"एवढ्यावरून?"

"एवढंही पुरतं," मी म्हणालो. त्या निघून गेल्या.

मला मेमो मिळाला, वर्षाची इन्क्रिमेंट गेली. भिंत दोन महिने वाळू दिली आणि बबनरावांनी खालचा भाग पुन्हा रंगवला. योजना बचावली, अकराही शाळा झाल्या. प्रत्येक भिंतीची ओल आधी तपासायची अशी अट मॅडमनी योजनेत घातली. त्याबद्दल त्यांचंच कौतुक झालं आणि माझ्या पोटात पुन्हा दुखलं.

बबनरावांनी मला एका शब्दाने कधी दुखावलं नाही. पुढच्या प्रत्येक भिंतीवर नमस्कार करायचे, चहा विचारायचे. मी सही केलेला कागद दाखवला की म्हणायचे, "व्हय सायेब, ऱ्हाऊ द्या." आणि रंगाचा डबा मॅडमनी येऊन भिंत बघितल्यावरच उघडायचे.

नव्या इंजिनिअरांना मी एकच सांगतो. सही करण्याआधी आपण कोणावर जळतोय का, ते बघा. जळत असलात तर सही उद्या करा.